विण्याआधी तीन आठवडे, व्याल्यावर तीन आठवडे

भिलाई हे नाव उच्चारताच पोलादाचा कारखाना डोळ्यांसमोर उभा राहतो. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ साली झालेल्या करारातून हा कारखाना साकार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. कारखान्याबरोबर आखीवरेखीव सेक्टर वसले, देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे आली आणि त्यांत मराठी कुटुंबेही होती. तसे पाहता छत्तीसगडशी मराठी माणसाचा संबंध त्याहून पुष्कळ जुना आहे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल या प्रदेशावर अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत होता.

मात्र सेक्टरांची शेवटची रांग मागे पडली, की पाटण-धमधा या तालुक्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना धानाची खाचरे सुरू होतात. गोंदिया-भंडाऱ्याच्या वाचकाला हा मुलूख मुळीच परका वाटणार नाही. तेच बांध, तीच तळी आणि कापणीनंतर खळ्याच्या कडेला रचलेल्या धानाच्या काडाच्या त्याच गंजी. आपण ज्याला तणस म्हणतो त्याला येथे 'पैरा' म्हणतात. या पैऱ्यावरच येथील गुरांचे वर्षातील बहुतेक दिवस निघतात, आणि प्रस्तुत लेखाचा विषयही या पैऱ्यापाशीच सुरू होतो.

विषय असा, की गाय विण्याच्या सुमारास नेमके किती खाते, त्या काळात तिच्या शरीरात कोणते फेरबदल होतात आणि त्या फेरबदलांची किंमत कोणाला मोजावी लागते. वरकरणी हा पशुवैद्यकाचा प्रांत वाटेल. परंतु ज्या कुटुंबाने एक किंवा दोन गाईंसाठी कर्ज काढलेले असते, त्याच्या दृष्टीने विण्याआधीचे तीन आठवडे आणि नंतरचे तीन आठवडे हे वर्षाचे भवितव्य ठरवणारे असतात. दूध किती निघेल, गाय पुन्हा केव्हा गाभण राहील आणि हप्ता वेळेवर जाईल की नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बहुधा या सहा आठवड्यांतच ठरून गेलेली असतात. उत्तर समजते ते मात्र पुष्कळ उशिरा.

गरज वाढते, भूक घटते

गाईचा गर्भकाळ सुमारे २८० ते २८५ दिवसांचा असतो. पहिले सहा महिने गर्भाची वाढ इतकी सावकाश होते, की गाईच्या आहारावर तिचा फारसा भार पडत नाही. शेवटच्या तीन महिन्यांत चित्र पालटते. जन्मवेळच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग वासरू याच काळात मिळवते. त्याच्या जोडीला गर्भाशयातील पाणी, जार आणि अखेरीस कासेची वाढ यांचीही मागणी असते. म्हणजे गाईला याच वेळी अधिक अन्न हवे.

पण निसर्गाची योजना येथे काहीशी विचित्र आहे. वाढलेले गर्भाशय पोटाची पोकळी व्यापते आणि रवंथ करणाऱ्या जनावराची जी मोठी कोठी, तिला पसरायला जागा उरत नाही. शिवाय प्रसूतीच्या दिशेने रक्तातील संप्रेरके बदलू लागतात, त्यांतील काहींचा भुकेवर थेट दाब पडतो. परिणामी शेवटच्या तीन आठवड्यांत गाईचे खाणे हळूहळू घटत जाते आणि अखेरच्या काही दिवसांत ते झपाट्याने उतरते. दुधाळ गाईंच्या अभ्यासांत ही घट एकूण सुमारे तीस टक्क्यांपर्यंत आढळली आहे. एरवी शरीराच्या वजनाच्या दोन टक्के कोरडा आहार घेणारी गाय विण्याच्या आदल्या दिवसांत दीड टक्क्यावर येते. गव्हाणीत उरलेली वैरण पाहून घरची माणसे म्हणतात, 'विण्यास झाली, म्हणून टाकते आहे.' निरीक्षण अगदी अचूक असते. मात्र त्यानंतर काय करावे याचा विचार तेथेच थांबतो, आणि पुष्कळदा गाय खात नाही म्हणून तिला घालणेही कमी केले जाते.

भिलाईच्या झोतभट्टीला अहोरात्र वरून भरण पडत असते. भरण कमी झाले तर भट्टीची धग उतरते. गाईचे तसे होत नाही. तिला मिळणारे अन्न घटले तरी आतील वासराचा पुरवठा ती थांबवत नाही. ती स्वतःच्या अंगावरील चरबी आणि त्यानंतर स्नायू उतरवून देते. बाहेरून काही दिसत नाही, म्हणून ही उचल कोणाच्या ध्यानात येत नाही.

कोसली गाय आणि परदेशातील संशोधन

छत्तीसगडच्या मैदानी भागातील स्थानिक गाईला 'कोसली' असे नाव आहे. दक्षिण कोसल या प्राचीन प्रदेशनामावरून ते पडले. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केलेली आहे. रायपूर, दुर्ग, बिलासपूर, जांजगीर हा तिचा मुलूख. बांध्याने लहान, रंगाने बहुधा फिकट तांबूस, खुराने टणक आणि चिखलणीच्या कामात तिचे बैल चपळ. दूध थोडे, घरापुरते. त्यातही पहिला हक्क वासराचा. ते आईला पिऊनच मोठे होते.

येथे एक गमतीची गोष्ट नमूद करावीशी वाटते. विण्याच्या सुमारास गाय किती चारा खाते, यावरील पुष्कळसे मूलभूत काम उत्तर अमेरिकेत झाले आणि ते मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गाईंवर झाले. छत्तीसगडमध्ये २००४ च्या कृषक पशु परिरक्षण अधिनियमान्वये गोवंशाच्या हत्येला बंदी आहे. म्हणजे दोन्हीकडच्या पशुपालनाचे हेतू पूर्णतः भिन्न. परंतु आहाराच्या दृष्टीने पाहिले तर तेथील ही गाय आणि पाटणच्या अंगणातील कोसली गाय यांची स्थिती कमालीची सारखी आहे. दोघींचेही दूध फारसे काढले जात नाही, वासरू अंगावर पिते, हिवाळा-उन्हाळा वाळलेल्या हलक्या चाऱ्यावर काढावा लागतो आणि मालकाची अपेक्षा एकच असते, की दरवर्षी एक वासरू मिळावे. त्यामुळे तेथील निष्कर्ष संकरित दुभत्या गाईपेक्षा कोसलीला अधिक लागू पडतात.

त्या अभ्यासांतून निघालेला एक ठोकताळा असा : हलक्या प्रतीच्या वाळलेल्या चाऱ्यावर असलेली गाभण, न दुभणारी गाय शरीराच्या वजनाच्या सुमारे १.८ टक्के कोरडा चारा खाते. व्याल्यावर, वासरू पाजत असताना हेच प्रमाण सुमारे २.२ टक्के होते. दोनशे किलो वजनाची गाय धरली, तर विण्याआधी ३.६ किलो आणि नंतर ४.४ किलो. कितीही मोठी गंजी समोर असली तरी याहून अधिक पैरा तिच्या पोटात जाणार नाही, कारण पैरा कोठीत फार वेळ रेंगाळतो.

आता या पैऱ्यात काय असते ते पाहू. धानाच्या काडात प्रथिनांचे प्रमाण तीन ते चार टक्क्यांच्या आसपास असते. साडेतीन टक्के धरले, तर ३.६ किलो पैऱ्यातून गाईला सुमारे १२६ ग्रॅम प्रथिने मिळतात. कोठीतील जिवाणूंना नुसते जिवंत व कार्यरत राहण्यासाठी आहारात सात टक्के प्रथिने लागतात. गर्भकाळाच्या शेवटच्या टप्प्यात हे प्रमाण आठ टक्क्यांपर्यंत असावे, म्हणजे सुमारे २८८ ग्रॅम. दोन्हींतील तूट १६० ग्रॅमच्या घरात जाते. जमाखर्चाची सवय असलेल्या वाचकाला ही तूट मोठी वाटेल; आवकेहून अधिकच आहे ती. पण ती भरून काढण्याचा उपाय त्या मानाने स्वस्त आहे. जवस किंवा मोहरीच्या पेंडीत तीस टक्क्यांच्या वर प्रथिने असतात. अशी अर्धा किलो पेंड दिली, की दीडशे ग्रॅमची भर पडते आणि तूट जवळजवळ मिटते.

त्याहून महत्त्वाचा लाभ पुढचा आहे. प्रथिने मिळाल्याने कोठीतील जिवाणू कामाला लागतात, काड लवकर पचते, कोठी लवकर रिकामी होते आणि गाय पैराही अधिक खाऊ लागते. पेंडीवर केलेला खर्च असा दुहेरी वसूल होतो. उलट, पेंड वाचवून केवळ पैऱ्याची पेंढी वाढवली, तर ती गव्हाणीतच राहते. या भागातील शेतकऱ्याला हे अनुभवाने ठाऊक नाही असे नव्हे. उभ्या धानात शेवटच्या ओलीवर तिवडा, म्हणजे आपली लाखोळी, फेकून पेरण्याची 'उतेरा' पद्धत येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिवड्याचे भूस कडधान्याचे असल्याने पैऱ्यापेक्षा कितीतरी सकस असते. जाणती माणसे ते गाभण गाईसाठी राखून ठेवतात.

पेंड परवडत नसेल तर युरिया-प्रक्रियेचा मार्ग आहे. शंभर किलो पैऱ्यासाठी चार किलो युरिया सुमारे पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावयाचा, थर दाबून बसवावयाचे आणि वरून प्लॅस्टिकच्या कागदाने हवाबंद झाकून एकवीस दिवस ठेवावयाचे. या काळात तयार होणाऱ्या वायूमुळे काड मऊ होते आणि त्यातील प्रथिनांचे प्रमाण सुमारे दुपटीवर जाते. उघडल्यावर वास उडून जाण्यासाठी पैरा काही वेळ पसरून ठेवावा व मगच घालावा. युरिया नुसता, किंवा पाण्यात कालवून थेट पाजणे प्राणघातक असते, आणि सहा महिन्यांखालील वासरांना प्रक्रिया केलेला पैराही देऊ नये. दुर्गजवळ अंजोरा येथे पशुवैद्यक महाविद्यालय असून २०१२ पासून कामधेनू विश्वविद्यालयाचे मुख्यालयही तेथेच आहे. अशा बाबतीत पहिल्या वेळी तेथील किंवा जवळच्या पशुचिकित्सालयातील जाणकाराचे मार्गदर्शन घेऊनच काम करणे श्रेयस्कर.

क्षारांचा प्रश्नही पैऱ्यातूनच उद्‌भवतो. धानाच्या काडातील ऑक्सलेट कॅल्शियमला बांधून ठेवते आणि जोडीला घातला जाणारा धानाचा कोंडा फॉस्फरसने संपन्न पण कॅल्शियमने दरिद्री असतो. म्हणून धानाच्या मुलखात गाभण गाईला रोज तीस ते पन्नास ग्रॅम क्षारमिश्रण हवेच. हरेलीच्या सणाला येथे गुरांना मीठ घातलेल्या पिठाचे गोळे, ज्यांना 'लोंदी' म्हणतात, पानात गुंडाळून चारतात. प्रथा उत्तम आहे. ती वर्षातून एक दिवस पाळली जाते, एवढीच तिची उणीव.

ऋतूचाही येथे विचार करावा लागतो. पावसाळ्याच्या हिरव्या चाऱ्यावर अंग धरून भाद्रपद-आश्विनात फळलेली गाय ज्येष्ठ-आषाढात विते. म्हणजे तिचे शेवटचे तीन महिने चैत्र-वैशाखाच्या वणव्यात सापडतात. शेतातली मोकळी चराई तोवर संपलेली असते, तळी आटलेली असतात आणि उन्हाच्या काहिलीने जी काही भूक असते तीही मरते. अशा वेळी दुपारी गव्हाण भरण्यात अर्थ नाही. पहाटे आणि सायंकाळनंतर, कुट्टी करून, थोडीथोडी वैरण घालावी आणि पाणी सदैव समोर असावे. पाणी कमी पडले, की कोरडा चारा आपोआप कमी खाल्ला जातो.

वजन वाढते, गाय उतरते

शेवटच्या महिन्यांत गाईचे वजन केले तर ते वाढलेले दिसते. मालक समाधानी होतो. पण वाढ कशाची आहे हे काटा सांगत नाही. वासरू, पाणी आणि जार मिळून गाईच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या पुढे जातात आणि हे सारे विण्याच्या दिवशी अंगावेगळे होणार असते. ताळेबंदातील एकूण बेरीज फुगत असताना राखीव निधी मात्र आटत जावा, असा हा प्रकार आहे. म्हणून पशुवैद्यक वजनापेक्षा अंगस्थितीवर भर देतात.

अंगस्थिती पाहण्यास यंत्र लागत नाही, हाताची बोटे पुरतात. शेवटच्या बरगड्या, पाठीचा कणा, माकडहाडाची टोके आणि शेपटीचे मूळ या चार ठिकाणी चरबीचा थर किती आहे हे दाबून पाहावयाचे. दुभत्या गाईंना एक ते पाच गुण देतात, मांसाच्या जातींना परदेशात एक ते नऊ. पाचाच्या मापात विताना तीन ते साडेतीन गुण उत्तम. बरगड्या डोळ्यांना मोजता येत असतील, कणा करवतीसारखा वाटत असेल, तर गाय दोनाच्या खाली आहे. याउलट शेपटीच्या मुळाशी चरबीच्या गाठी दिसत असतील तर ती चाराच्या पुढे गेली आहे, आणि तेही हिताचे नाही. अति लठ्ठ गाय व्याल्यावर आणखी कमी खाते. तिच्या यकृतावर चरबीचा भार पडतो आणि किटोसिससारखे विकार जडतात. भिलाई-दुर्ग शहरांच्या कडेने ज्या संकरित गाईंच्या डेअऱ्या आहेत, तेथे हा दुसरा प्रकार पाहावयास मिळतो, खेड्यात पहिला.

अंगस्थिती सुधारण्याची वेळ मात्र विण्याच्या आधी दोन-तीन महिने असते. शेवटच्या पंधरवड्यात भूकच नसल्याने त्या वेळी केलेली धावपळ फळत नाही. म्हणून विण्याच्या साठ दिवस आधी गाय आटवावी, असे जे सांगितले जाते त्यामागे कासेला विसावा देण्याबरोबरच हा हिशोबही आहे. दूध शेवटपर्यंत काढत राहिल्याने मिळणारे रोजचे लिटर-अर्धा लिटर पुढच्या वेतातून वजा होते.

शेवटच्या तीन आठवड्यांत एक काम मात्र अवश्य करावे. संकरित गाईला व्याल्यावर जो खुराक द्यावयाचा आहे, त्याची ओळख तिला आधीच करून द्यावी. अर्ध्या किलोपासून आरंभ करून तो दोन-अडीच किलोपर्यंत हळूहळू न्यावा. कोठीतील जिवाणूंना नव्या अन्नाशी जुळवून घेण्यास दोन आठवडे, तर कोठीच्या आतील अस्तराला त्याहून अधिक अवधी लागतो. व्याल्याच्या दुसऱ्या दिवशी कौतुकाने एकदम पाच किलो भरडा घातला, की पोटात आम्ल वाढते आणि गाय खाणेच सोडते.

प्रसूती

वेळ जवळ आल्याच्या खुणा गोठ्यात वावरणाऱ्यास सांगाव्या लागत नाहीत. कास भरते, सड ताठ होतात, निरण सुजून सैल पडते आणि शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंचे बंध ढिले होऊन तेथे खळगे पडतात. गाय कळपापासून दूर जाते, उठबस करते.

कॅनडातील मॅनिटोबा प्रांतातील गस कोनेफाल नावाच्या पशुपालकाने एक साधी गोष्ट हेरली होती. गाभण गाईंना संध्याकाळी उशिरा चारले, तर बहुतेक गाई दिवसाउजेडी वितात. पुढे अमेरिकेत इतरांनीही तो पडताळा घेतला आणि ही पद्धत तेथील पशुपालकांत रूढ झाली. दिवसा माणसे जवळ असतात, अडलेल्या गाईला मदत मिळते, वासरू कुत्र्यांपासून वाचते. खर्च शून्य. वैशाखात संध्याकाळी चारा घालणे येथे तसेही हितावह असल्याने, प्रयोग करून पाहण्यास हरकत नसावी.

जार साधारणतः आठ ते बारा तासांत पडतो. चोवीस तास उलटूनही न पडल्यास पशुवैद्यकास बोलवावे. जाराला वीट किंवा दगड बांधण्याची सवय अजूनही आढळते. तिने गर्भाशयाला इजा होते. जार पडेपर्यंत वासराला पाजू नये असाही एक समज पुष्कळ ठिकाणी आहे आणि तो वासराच्या जिवावर बेततो. चिकातील रोगप्रतिकारक घटक वासराच्या आतड्यातून थेट रक्तात जाण्याचा मार्ग जन्मानंतर तासागणिक अरुंद होत जातो आणि चोवीस तासांत बंदच होतो. पहिला चीक तासाभरात, आणि पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका, हे प्रमाण लक्षात ठेवावे. पंधरा किलोच्या वासराला दीड लिटर. वासरू लुचू लागले, की गाईचा पान्हा सुटतो आणि त्याच संप्रेरकाने गर्भाशयही आकुंचन पावते. म्हणजे पाजण्याने जार पडण्यास मदतच होते. खरवसाची आवड मराठी घरात कोणाला नसते? पण तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या चिकाचा करावा.

व्याल्यानंतर

व्याल्यावर भूक परतते, पण दुधाच्या वेगाने परतत नाही. संकरित गाईचे दूध चार ते आठ आठवड्यांत कमाल पातळी गाठते. तिचे खाणे कमाल पातळीस पोहोचते ते दहा ते चौदा आठवड्यांनी. मधल्या काळातील तफावत ती पुन्हा अंगावरूनच भागवते. विण्याआधी ज्या गाईने अंगावरची चरबी खर्चून टाकलेली असते, तिच्यापाशी आता उचल करण्यास काही उरलेले नसते. ती आधी दूध कमी करते आणि माजावर येणे लांबवते.

कॅल्शियमची ओढ तर पहिल्याच दिवशी लागते. दहा लिटर चिकातून वीस ग्रॅमहून अधिक कॅल्शियम बाहेर जाते, आणि गाईच्या रक्तात एका वेळी असते ते त्याच्या मानाने अत्यल्प. हाडांतून ते पुरेशा वेगाने आले नाही, तर गाय थरथरते, बसते, मान पोटाकडे वळवून निपचित पडते. यास दुग्धज्वर म्हणतात. नावात ज्वर असला तरी अंग गार पडलेले असते, आणि या नावामुळेच गोठ्यात घोटाळा होतो. अंग गार आहे म्हणजे ताप नाही, म्हणजे काळजी नाही, असे समजून रात्र काढली जाते. पशुवैद्यकाने शिरेतून कॅल्शियम दिल्यावर हीच गाय बहुधा काही तासांत उठून उभी राहते. उशीर झाल्यास मात्र उठत नाही. कोसलीला हा विकार क्वचितच, कारण तिचे दूधच थोडे. अधिक दुधाच्या, तिसऱ्या-चौथ्या वेताच्या संकरित गाईवर मात्र दोन दिवस डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे. बरसीम-लसूणघासासारखा कॅल्शियमयुक्त चारा तिला विण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत बेताने द्यावा, म्हणजे हाडांतून कॅल्शियम सोडण्याची शरीराची सवय जागी राहते.

व्याल्याबरोबर कोमट पाणी आणि गूळ देण्याची आपली जुनी रीत शास्त्रालाही मान्य होण्याजोगी आहे. गर्भाशय रिकामे झाल्याने पोटात अवचित झालेली पोकळी पाणी भरून काढते आणि गूळ तत्काळ शक्ती देतो. पुढील दिवसांत उत्तमात उत्तम चारा, थोडाथोडा, अनेकदा. गाय खुराक टाकून नुसती वैरण चघळत असेल, दूध अकस्मात उतरले असेल आणि तिच्या श्वासाला वा दुधाला गोडसर उग्र वास येत असेल, तर तो किटोसिसचा इशारा समजावा.

हप्त्याचा हिशोब

वर्षाला एक वासरू हवे असेल तर गणित अगदी सोपे आहे. ३६५ दिवसांतून गर्भकाळाचे २८३ दिवस वजा केले की ८२ उरतात. व्याल्यापासून ८२ दिवसांच्या आत गाय पुन्हा गाभण राहिली पाहिजे. चांगल्या अंगस्थितीत व्यालेल्या गाईला हे साधते. हाडे निघालेली गाय मात्र आधी स्वतःचे शरीर सावरते, मगच माजावर येते. समजा ती दोनशे दिवसांनी गाभण राहिली; मग दोन वेतांतील अंतर ४८३ दिवस, म्हणजे सुमारे सोळा महिने. दूध दहा महिने धरले तर भाकड काळ दोन महिन्यांऐवजी सहा महिन्यांचा झाला. या वाढीव चार महिन्यांत चारा लागतोच, हप्ताही येतोच, उत्पन्न मात्र नाही. शाखेत असे खाते थकीत दिसू लागते, तेव्हा त्याचे कारण वर्षापूर्वीच्या वैशाखात न घातलेल्या पेंडीत असते, हे कागदपत्रांवरून कोणाच्याही ध्यानात येत नाही.

म्हणूनच दुग्धव्यवसायाच्या कर्जात दोन जनावरे एकाच वेळी न घेता पाच-सहा महिन्यांच्या अंतराने घ्यावीत, असा संकेत आहे. एक भाकड असताना दुसरी दुभती राहते. खरेदी करताना नुकतीच व्यालेली, दुसऱ्या-तिसऱ्या वेताची गाय पसंत केली जाते, तीही याच कारणाने. विण्याच्या संकटातून ती पार पडलेली असते आणि तिचे दूध समोर काढून पाहता येते.

परंतु गाय खरेदीसाठी कर्ज मिळाले तरी भाकड काळातील खुराकासाठी पैसा कोठून आणावा, ही छोट्या पशुपालकाची अडचण फार जुनी आहे. दूध नसलेल्या गाईवर कोणी खर्च करीत नाही, आणि नेमका तोच खर्च सर्वाधिक फलदायी. २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्डाची सुविधा पशुपालन व मत्स्यव्यवसाय यांना लागू करण्याची घोषणा झाली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तत्संबंधी सूचना जारी केल्या. चारा, पेंड, औषधे, मजुरी असा खेळता खर्च यातून भागवता येतो. जमीन नावावर नसलेला पशुपालकही यास पात्र ठरू शकतो. शेतीकर्जासाठी तारणाशिवाय देता येणारी मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून १ लाख ६० हजारांवरून २ लाख रुपये करण्यात आली आहे. दोन गाईंच्या घराला तीन महिन्यांच्या पेंडीसाठी लागणारी रक्कम त्यापुढे अगदीच किरकोळ ठरते.

छत्तीसगडमध्ये २०२० साली हरेलीच्या दिवशी, २० जुलै रोजी, राज्य शासनाने गोधन न्याय योजना सुरू केली आणि शेण दोन रुपये किलो दराने विकत घेण्यास आरंभ केला. त्या काळात दुभती नसलेली गायही घरात काही नगद आणू लागली, आणि ती दारात बांधून तिला वेळेवर घालण्यास एक निमित्त मिळाले.

शाखेतील अधिकारी जेव्हा कर्ज दिलेल्या जनावराच्या पाहणीस जातात, तेव्हा कानातील बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक ताडून पाहतात, विम्याची मुदत पाहतात, रोजचे दूध विचारतात. याच भेटीत आणखी दोन प्रश्न सहज विचारता येतील : गाय कोणत्या महिन्यात फळली आणि सध्या तिला काय घालता? पहिल्या उत्तरात नऊ महिने आणि दहा दिवस मिळवले की विण्याची तारीख निघते. तिच्यातून तीन महिने वजा केले की पेंड सुरू करण्याची तारीख. खेळत्या भांडवलाची उचल त्या तारखेस मिळेल आणि पहिला हप्ता व्याल्यानंतर दुसऱ्या महिन्यात, दूध वाढत असताना पडेल, अशी आखणी मंजुरीच्या वेळीच करता येते. पाटण-धमध्याकडे बहुतेक गाईंच्या बाबतीत ही पेंडीची तारीख होळीच्या आगेमागे येते. त्या सुमारास नवा जवस आणि मोहरी घाण्यावर आलेली असते.